कच्ची राजेळी

मथुराला आपल्या सुनेचा मत्सर वाटायचा. सरळच सांगून टाकलेलं बरं, कारण सांडोरात निम्म्या गावाला ते माहीत होतं आणि उरलेल्या निम्म्याला संशय होता. तिला स्वतःला मात्र कोणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "मत्सर? मी? त्या पोरीचा? जा बाई, मला वाडीत काय कमी कामं आहेत!"

वाडी म्हणजे घरामागची केळीची बाग. केळी, थोडी अळूची पानं, कडेला तोंडलीचा मांडव. नवरा तुळशीदास झाडं बघायचे, आणि घड उतरला की पुढचं सगळं राज्य मथुराचं. राजेळी केळी पेंढ्यात झाकून अढी लावायची, पिकली की सोलून सात-आठ दिवस उन्हात वाळवायची आणि त्यांची सोन्यासारखी पिवळीधमक सुकेळी करायची, हे काम तिच्यासारखं करणारी बाई आता गावात उरली नव्हती. शेजारची बर्था दर वर्षी तिच्याकडून सुकेळी न्यायची आणि कुवेतला लेकाकडे, एरॉलकडे पाठवायची. अढीला मथुराशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम होता. साल पिवळं झालं म्हणजे राजेळी पिकली असं नसतं. वरून ती तयार दिसते आणि आत चांगली तुरट असते. साल काळं पडायला लागलं, दाबल्यावर बोट किंचित आत गेलं, देठाशी वास सुटला, की मग खरी पिकली. हे मथुराला अंधारातसुद्धा कळायचं.

एवढं सगळं हातात असलेल्या बाईला कमी काय होतं? तर नवऱ्याच्या तोंडचा एक शब्द.

तुळशीदास माणूस वाईट नाही. दारू नाही, शिवी नाही, कधी हात उचलला नाही. पण कौतुक म्हणून नाही! ताटात काही कमी-जास्त झालं तर ताट बोटभर पुढे सरकवायचे. चांगलं झालं असेल तर सगळं पुसूनपासून खायचे आणि उठून हात धुवायचे. अडतीस वर्षांत मथुराने त्यांना किती खिलवलं असेल! चवळीचं बिरडं, अळूवडी, सुरमईचं कालवण, श्रावणातल्या पातोळ्या. एकदा लग्नानंतर दोन वर्षांनी तिने धीर करून विचारलं होतं, "कसं झालंय?" तर म्हणाले, "जेवतोय ना?" त्यानंतर तिने विचारणं सोडलं. माणूसच तसा, असं म्हणून मनाची समजूत घातली. आणि ती समजूत बरी चालली होती, अक्षया घरात येईपर्यंत.

अक्षया आचोळ्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली. दीड वर्षापूर्वी अनुजशी लग्न होऊन आली. सातिवलीला एका कंपनीत नोकरीला. पोर हसतमुख, कामाला नाही म्हणायची नाही, "आई, आई" करत मागे असायची. माहेराहून येताना ओव्हन घेऊन आली. तो ओट्यावर ठेवायला जागा पाहिजे म्हणून मथुराच्या लोणच्याच्या बरण्या माळ्यावर गेल्या. आता लोणचं काढायचं तर स्टुलावर चढा! ते सुद्धा मथुराने पोटात घातलं.

मग एका रविवारी अक्षयाने घरात उरलेल्या चार काळ्या पडलेल्या वेलची केळ्यांचा केक केला. मथुरा ती केळी गाईला घालणार होती. केक कापला, तुळशीदासांच्या हातात बशी दिली. त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. आणि म्हणाले, "झकास!"

मथुरा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"झकास झालाय गं पोरी. अजून आहे का?"

अजून आहे का! ज्या माणसाने अडतीस वर्षांत कधी आमटीसाठी वाटी पुढे केली नाही, जे वाढलं ते मुकाट्याने जेवला, तो चार सडक्या केळ्यांच्या केकसाठी हात पुढे करतो! मथुराच्या अंगाचा तिळपापड झाला. तव्यावरची पोळी करपली, आणि करपलेल्या पोळीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण सगळे केक खात होते.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिने गुपचूप फडताळ उघडून एक तुकडा तोंडात टाकला. काहीतरी खोड सापडेल म्हणून. गोड जास्त असेल, कच्चट असेल, अंड्याचा वास येत असेल. तसलं काही नव्हतं. केक चांगला होता, आणि खरं दुखणं तेच होतं. वाईट असता तर सुनेवर माया करायला मथुराला काय जड गेलं असतं?

पुढे केक वाढतच गेले. अनुजच्या मित्रांना केक, शेजारच्या वाढदिवसाला केक. अक्षया फोनवर फोटो टाकायची आणि बायका खाली बदाम टाकायच्या. शेवटी एक दिवस बर्था कुंपणापाशी आली. मथुराला वाटलं, सुकेळ्यांचं विचारायला आली. तर म्हणते कशी, "मथुरा, आमची नात एलिसा, तिच्या चर्चातल्या फर्स्ट कम्युनियनला तुझ्या सुनेचा केक पायजे गो. तिला सांगशील?"

"सांगेन की," मथुरा म्हणाली. आणि घरात येऊन भांडी अशी आपटली की अनुज धावत आला.

मार्चात तुळशीदासांना पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती. आजवर त्यांच्या वाढदिवसाला एकच गोष्ट व्हायची. मथुरा ओवाळायची आणि तांदळाची खीर करायची. यंदा अक्षयाने परस्पर ठरवलं, बर्थाबायच्या घरच्यांना बोलवायचं, दोन-चार शेजारी बोलवायचे आणि बाबांच्या स्वतःच्या वाडीतल्या राजेळीचा केक करायचा.

"खीर पण करू या ना आई," ती म्हणाली.

पण! मथुराला तो 'पण' असा लागला म्हणता!

आदल्या दिवशी संध्याकाळी अक्षया कामावरून आली आणि परातच घेऊन मथुरापुढे उभी राहिली. "आई, अढीतली केळी तुम्हीच निवडून द्या. मला त्यातलं कळत नाही."

मथुरा पडवीतल्या अढीपाशी गेली. पेंढा बाजूला केला. उजव्या हाताला चांगली पिकलेली होती, सालावर काळे डाग पडलेली, उद्या सोलून उन्हात घालायची. डाव्या हाताला तीन दिवसांपूर्वी ठेवलेली, नुसती वरून पिवळी. तिचा हात उजवीकडे गेला. खोटं कशाला बोला, गेला होता. मग तिच्या कानात तो शब्द वाजला. झकास. उद्या चारचौघांत पुन्हा म्हणतील. बर्थासमोर म्हणतील. आणि आपण खिरीचं पातेलं धरून उभ्या असू. हात डावीकडे वळला आणि तिने सहा केळी परातीत टाकली.

अक्षयाने एक केळं दाबून पाहिलं. "आई, ही जरा घट्ट नाहीत?"

"राजेळी घट्टच असते."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने पुन्हा विचारलं, "आई, नक्की ना? कुस्करली जात नाहीयेत."

"मिक्सरला लाव," मथुरा म्हणाली, आणि देवापुढे दिवा लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. बर्था आली, तिचा नवरा स्टॅनी आला, दोन शेजारी आले. केक दिसायला देखणा होता. तुळशीदासांनी तो लाजत लाजत कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बशा फिरल्या. पहिला घास घेतल्यावर स्टॅनीने पाण्याचा ग्लास उचलला. अनुजने बायकोकडे पाहिलं. बर्था म्हणाली, "छान हाय," आणि बशी मांडीवर ठेवली ती ठेवलीच.

मथुराच्या छातीत धडधडत होतं. भीतीने नव्हे. लहान मुलाला चोरून गूळ खाताना जसं होतं, तसं.

तुळशीदासांनी घास घोळवला, गिळला. पन्नास वर्षं केळीत घालवलेला माणूस तो, त्याला काय सांगायला लागतं? "राजेळी कच्ची आहे," ते म्हणाले. "अढीत घालून तीन-चार दिवससुद्धा झाले नसतील."

मथुराने पदर घट्ट धरला. आता विचारतील, केळी कोणी काढली.

पण ते सुनेकडे वळले. "पोरी, घाईत तूच उपसलीस ना? मथुराला विचारायचं होतंस. तिने दिली असती तर असं झालंच नसतं." मग स्टॅनीकडे बघून म्हणाले, "अडतीस वर्षं बघतोय मी. केळ्याला हात लावला की पोटातलं सांगते ती. तिच्या हातून कच्चं केळं कधी कोणाच्या ताटात गेलं नाही. सुकेळी, खीर, कालवण, काय वाटेल ते घ्या, असा हात पंचक्रोशीत नाही. मी कधी बोललो नाही, पण नाहीच."

झालं. जे ऐकायला जीव आसुसला होता ते सगळं आलं, एका दमात, चार माणसांसमोर. एवढं सगळं त्यांच्या पोटात होतं तर! आणि नेमकं आज बाहेर आलं!

अक्षयाने सासूकडे पाहिलं. एकदाच, सरळ. मग मान खाली घालून म्हणाली, "चुकलं बाबा. मीच काढली. घाई झाली."

मथुरा गप्प बसू शकत होती. एक क्षणभर बसलीही. ते शब्द खडीसाखरेसारखे तोंडात धरून बसली. सून खोटं बोलली होती, नवरा खुशीत होता, प्रकरण मिटलं होतं. पण बर्थाने उठून अक्षयाच्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाची पोर गो! लगेच चूक कबूल केली बघ. आजकाल कोण करतं?" आणि तुळशीदासही मान हलवून म्हणाले, "हां, ते मात्र खरं. मन मोठं आहे पोरीचं."

म्हणजे केक बिघडवला तरी कौतुक हिचंच! मथुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली.

"तिने नाही काढली. मी दिली."

"काय?" तुळशीदास म्हणाले.

"मी दिली कच्ची केळी. कळून दिली. ती मला विचारत होती, घट्ट आहेत का म्हणून, तर मी तिला मिक्सरला लाव म्हटलं."

स्टॅनी छताकडे बघू लागला.

"अगं, पण कशाला?"

"तुम्ही तिला झकास म्हणालात म्हणून!" मथुराचा आवाज चिरकला. "एका केकला झकास. मला अडतीस वर्षांत एकदा म्हणालात?"

"तुझं चांगलंच असतं. ते काय बोलून दाखवायचं असतं?"

"असतं," मथुरा म्हणाली. "असतं बोलून दाखवायचं."

अक्षया उठली, उरलेला केक उचलला आणि आत गेली. असू दे आई, काही हरकत नाही, असलं काही म्हणाली नाही. मथुरा तिच्या मागून गेली. बाहेर थांबणं त्याहून कठीण होतं.

अक्षया केकचे तुकडे करून गाईच्या बादलीत टाकत होती. डोळे लाल झाले होते.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा, आई."

"हो."

"मला तुमचा खूप राग आलाय. आज माझ्याशी बोलू नका."

मथुराला खरं तर तेवढ्यावर बाहेर जायला पाहिजे होतं. पण तिच्याने राहवलं नाही. "मग तू काढलीस म्हणून का सांगितलंस? मला वाचवायला? मी सांगितलं होतं का तुला?"

अक्षयाने शेवटचा तुकडा टाकला आणि हात धुतले. मग पाठमोरीच राहून म्हणाली, "बाबा तुमच्याबद्दल बोलायला लागले होते. मी या घरात आल्यापासून बघतेय, ते जेवायला बसले की तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहता. रोज. आज पहिल्यांदा ते बोलत होते, तर मला मध्ये तोडवलं नाही."

मथुरा ओट्याला टेकली. तिला रडू येत होतं आणि ते सुनेसमोर यावं हे मुळीच मंजूर नव्हतं. ती रोज काय बघते हे तुळशीदासांना ताटासमोर बसून अडतीस वर्षांत दिसलं नव्हतं, आणि या कालच्या पोरीला दीड वर्षात दिसलं होतं. मथुराला तिचा इतका मत्सर कधीच वाटला नव्हता.