सुईवाली मावशी

सुईवाली मावशी आधी पाणी ओतून द्यायची आणि मग ते कुणाचं म्हणून विचारायची. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, एकदा शेजारणीची मनी प्लांटची बाटलीसुद्धा.

ती महापालिकेच्या हिवताप विभागात होती, राहायला आमच्या सोसायटीला लागूनच असलेल्या घणसोली गावात. ताप आलेल्याचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायची, म्हणून हे नाव. मुलांनो, तुमच्या बाबालाही तिनं टोचलंय. त्यानं हात मागे घेतला की म्हणायची, "बोट दे रं, अंगठी नाय घालीत." गावामुळे डास होतात, असं सोसायटीत कुणी म्हटलं की ती आमच्या गच्चीवरची उघडी टाकी दाखवायची. "डास तुमचाच हाय. आमच्यात नुसता जेवाला येतो."

कारगिलचं युद्ध सुरू झालं तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा तिथे होता. तिनं कामात खाडा केला नाही. फक्त आमच्याकडे आली की रेंगाळायची. टीव्हीकडे पाठ करून मोरीतल्या पिंपात टॉर्च मारत उभी राहायची. बातम्या संपल्या की विचारायची, "ताई, नावा सांगितली काय?" मी नाही म्हटलं की पिंपावर झाकण ठेवून पुढच्या दारी जायची.

जवानांसाठी सोसायटीनं रक्तदान ठेवलं. रांगेत सर्वांत पुढे आमचे सेक्रेटरी. मावशी दारातच उभी.

"तुमी नाय. तुमाला आताच हिवताप झालेला."

"मावशी, देशासाठी आहे. बरा झालोय मी."

"नि ही बाटली माज्या पोराला चरवली तर?"

सेक्रेटरी बाजूला झाले, त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं.

पुढे फोन आला. मुलाच्या मांडीला गोळी लागली होती, रक्त द्यावं लागलं, पण धोका टळला होता. मावशी माझ्याकडे आली ती वेगळीच काळजी घेऊन. "कुनाचा रगत असल, ताई? तिकरं दारात कोन उबा असल?" लष्करात तपासूनच देतात, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं.

तो घरी आला त्या दिवशी मीही गावात गेले होते. कुबडीवर टेकून तो उंबऱ्यापाशी थांबला. ओवाळायला बायका ताट घेऊन पुढे झाल्या. मावशीनं त्यांना हातानंच थांबवलं, पिशवीतून नवी सुई काढली आणि त्याचं बोट धरलं.

"आये, मी हाय गो," तो हसून म्हणाला.

"तू हायस, दिसतंय मना. आत रगत कुनाचा हाय तं बगू दे."

दुसऱ्या दिवशी तपासणीत काही निघालं नाही. मग तिनं त्याला ओवाळलं.