चुडामण आप्पांच्या नाचाचा पुरावा

रनाळ्याचे चुडामण आप्पा नाचायचे, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला. वृद्ध कलावंतांचं मानधन हवं, तर नाचल्याचा पुरावा जोडा म्हणे! आता नाचताना आलेला घाम काय कोणी बरणीत भरून ठेवतो?

जत्रांच्या दिवसांत वीस वर्षं आप्पा तमाशात बाईच्या वेषात नाचले. उरलेलं वर्ष शेतात. वडिलांनी त्यांना पंगतीत शेजारी बसवणं सोडलं, भाऊबंद या नाचाला ‘थेरं’ म्हणत. म्हणून सत्तरी उलटल्यावर आप्पांना पैशांपेक्षा त्या कागदाचीच ओढ लागली होती. सरकारी शिक्क्यानिशी ‘कलावंत’ असं लिहून आलं, की सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

फडाचा मालक कधीच वारलेला, दाखला देणार कोण? उरला एक जुना फोटो. चौथ्या खेपेला नंदुरबारच्या कचेरीतल्या दिपाली मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला.

“आजोबा, हा बाईंचा फोटो आहे. तुमचा आणा.”

“मीच शे ना ती बाई!”

“आधारवरचा चेहरा जुळत नाही. नाहीतर नाच पाहिलेल्या दोघांच्या सह्या आणा. सोमवार शेवटचा दिवस आहे.”

दोघांच्या? आप्पांना हसूच आलं. म्हटलं असतं तर दोनशे आणले असते! पण गावात फिरल्यावर कपाळाला हात लावायची पाळी आली. एकेकाळी पहिल्या रांगेत बसून फेटा उडवणारा भिला सुनेसमोर म्हणाला, “मी कव्हय तमाशा पाहा? भजनमां नाचे असं लिख, मंग सही करस.” दुसऱ्यानेही तीच टेप लावली. सगळं गाव एकाएकी इतकं सोवळं झालं, की आप्पा बहुधा वीस वर्षं गुराढोरांपुढेच नाचले असावेत!

सोमवारी ते निघाले, तर निर्मलाबाई चपला घालून दारात उभ्या. या बायकोने चाळीस वर्षांत तमाशाचा शब्द घरात काढला नव्हता. बायकांनी तमाशा पाहायचाच नसे, मग ही कसली साक्ष देणार? एसटीत आप्पा सारखे कुरकुरत होते.

कचेरीत निर्मलाबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. “हाई लुगडं मन्हं शे. दरसाल पेटीमाईन लई जायेत.”

“घरच्यांची साक्ष चालत नाही, आजी. आणि नाच तुम्ही कुठे पाहिलात?”

“आमना घरना धाबावर चढीसन, छतवरथीन. मांगेच जत्रानं मैदान शे. तिसरी गिरकीले यासना डावा पाय उशिरा पडे.”

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज राहिला बाजूला. “मन्हा पाय? कव्हयच नही!” म्हणत ते ताडकन उठले, धोतराचा सोगा खोचला आणि टेबल-कपाटाच्या मधल्या जागेत गिरकी घेतली. एक, दोन... तिसरीला डावा पाय उशिरा पडला.

दिपाली मॅडम पेन खाली ठेवून पाहतच राहिल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, “छान नाचता हो. पण नियमात बसत नाही.” आणि त्यांनी अर्ज परत सरकवला.

आप्पांना ते ऐकूही आलं नाही. खुर्चीला धरून धापा टाकत ते बायकोवर खेकसले, “दरसाल पाहे, मंग एक डाव तरी सांगानं व्हतं ना!”

“तुम्ही कव्हय इचारं?” निर्मलाबाई म्हणाल्या.