मारोतीच्या पिकअपचं लॉक

हे मी आजवर कोणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशी न्हाई, भावापाशी न्हाई. देवळात हात जोडून उभा राहतो, तवासुद्धा दुसरंच काहीतरी मागून परत येतो. तुमाला काहून सांगून राहिलो? तुमी मला ओळखत न्हाई म्हून असंल. उद्या रस्त्यात तुमचं तोंड मला दिसणार न्हाई, म्हून.

भेतो मी. आधी तेवढंच सांगून टाकतो. पिकअपचा आवाज रोडवर आला की हातातला पाना खाली ठेवून बसावं लागतंय, ती पुढं जाईस्तोवर. माझं गॅरेजच रोडला हाय, वसमतहून कुरुंद्याकडं जाताना — दिवसातून पन्नास पिकअप जातात. म्हंजे पन्नास वेळा भ्यायचं. लोक म्हणतात, अंबादास मिस्त्रीला शुगर झाली. मी व्हय म्हणतो.

मारोती माझ्या वर्गातला. शाळा सोबत सोडली, तो शेतीत गेला, मी पाने-हातोडीत. त्याची स्वतःची केळी, अन् वरून दुसऱ्याच्याही केळीचे घड शेतातून भरून रोडला उभ्या ट्रकपर्यंत आणून द्यायचं काम. आमची जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात गाडी घातली की एक चाक जागच्या जागी गरगर फिरतंय, दुसरं नुसतं उभं. मंग कोणाचा तरी ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, ओढून काढा.

ट्रॅक्टरची गोष्ट इकडच्या बारक्या लेकराला पण ठाऊक हाय. टाचेखाली लॉकचं पेडल असतंय. एक चाक फसलं की टाच दाबायची, दोन्ही चाकं एका दमात फिरतात, ट्रॅक्टर बाहेर. बाहेर आला की टाच उचलायची. पिकअपला ते नसतंय. एक दिवस मारोती साखळीनं ओढलेली गाडी घेऊन तसाच गॅरेजला आला, अंगभर चिखल, आणि चार माणसांसमोर म्हणला, "मिस्त्री, ट्रॅक्टरला जमतंय ते माझ्या गाडीला काहून न्हाई?"

मी म्हणलो, "जमतंय की."

तिथंच खोटं सुरू झालं. मला जमत नव्हतं. पिकअपला बसवायचं लॉक असतंय, बटनावर चालतंय, बटन बंद केलं की चाकं मोकळी — हे सगळं मी मोबाईलवर बघितलं व्हतं. हातात कधी धरलं नव्हतं. मी चौकशी केली, नांदेडला दोनदा जाऊन आलो. त्याच्या गाडीला बसंल असं काही मिळालं न्हाई. आता सांगा, एवढं तरी खरं सांगता आलं नसतं का? मारोती, न्हाई जमत, घेऊन जा गाडी. तो हसला असता. दोन दिवस चेष्टा केली असती, संपलं असतं. पण गाडी गॅरेजसमोर उभी, अन् येणारा-जाणारा विचारायचा — झालं का मिस्त्री? मला ते 'झालं का' सहन व्हत नव्हतं. हाताला गुण हाय म्हून नाव झालेलं ना माझं.

मंग मी मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल खोललं. त्याच्या आत चार छोटे दात्यांचे गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी — दोघांना आपापल्या चालीनं फिरू द्यायचं काम त्या चार गिअरचं. ते चारही मी एकमेकांला वेल्डिंगनं चिटकवून टाकले. झालं लॉक. कायमचं. चिखलात गाडी बैलासारखी निघणार, खरं हाय. पण डांबरी रोडला, वळणावर, ती वळायला बघणारच न्हाई, सरळ जायला बघणार. त्यात रोड ओला असला तर — हे मला ठाऊक व्हतं. कोणत्याही मिस्त्रीला ठाऊक असतंय. मला ठाऊक नव्हतं असं मी आज म्हणलो, तर ते आणखी एक खोटं व्हईल.

पण अजून मी सगळं सांगितलं न्हाई. तुमाला वाटलं असंल एवढंच हाय. एवढंच असतं तर मी इतका भ्यालो नसतो.

मारोती गाडी न्यायला आला अन् पहिलं विचारलं — रोडला लागल्यावर बंद कसं करायचं? बंद व्हतच नव्हतं ते. पण हे तो विचारणार हे मला आधीच ठाऊक व्हतं, म्हून मी त्याच्या आदल्या दिवशीच डॅशबोर्डवर एक बटन बसवून ठेवलं व्हतं. बाजूला लाल दिवा. बटन दाबलं, दिवा लागला. बटन काढलं, दिवा गेला. मी त्याला समजावून सांगितलं — शेतात लावायचं, डांबरीवर यायच्या आधी काढायचं, इसरायचं न्हाई. बोट दाखवून दाखवून सांगितलं. त्या बटनाच्या वायरी फक्त दिव्यापर्यंत गेलेल्या व्हत्या. मागच्या चाकांकडं एक वायर गेली नव्हती.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या कुरुंद्यात सांगत सुटला.

पंधरा दिवसांनी आला, म्हणला वळवताना मागचे टायर कुरकुरतात, स्टेअरिंग जड जातंय. मी म्हणलो, नवीन काम हाय, बसंल हळूहळू. गाडीखाली उगंच वाकून बघितल्यासारखं केलं. खाली वाकलो तवा घामानं डोळे भरले, ते मला आठवतंय. त्या दिवशी गाडी ठेवून घेता आली असती. ठेवून घेतली न्हाई. तो गेल्यावर आतून म्हणत राहिलो, काही व्हत न्हाई, लोक काय काय करतात गाड्यांना, काही व्हत न्हाई.

श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ, भुरभुर पाऊस. घड उतरवून मारोती रिकामी गाडी घेऊन घराकडं निघाला व्हता. सोबत त्याची बायको, सुमन वैनी, शेजारच्या सीटवर. पुलाच्या अलीकडं वळण हाय. गाडी वळली न्हाई. सरळ खाली गेली, बाभळीवर, वैनीच्या अंगानं. त्याला फक्त खरचटलं. वैनीचा डावा पाय नांदेडला गुडघ्याखालून काढावा लागला.

मी दवाखान्यात गेलो व्हतो. जिन्यातच मारोतीनं मला मिठी मारली अन् रडायला लागला. "तू बजावून सांगितलं व्हतं रे. मी इसरलो. लॉक काढायचं इसरलो मी."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय केलं असतं — न्हाई, असं म्हणणार न्हाई मी. दुसरं करता आलं असतं. तिथंच सांगता आलं असतं. माझ्या डोक्यात त्या घडीला वैनी नव्हती, मारोती नव्हता. एकच व्हतं — गाडी कुठं हाय? कोणी खोलली का?

गाडी माझ्याकडंच आली. दुसरीकडं कशाला जाईल, मी मित्र ना. भर दुपारी शटर अर्धं ओढून मी ते डिफरन्शियल उतरवलं, भंगारातल्या गाडीचे चांगले गिअर काढून त्यात घातले, बटनाच्या वायरी तोडल्या. वेल्डिंग केलेला तो गोळा पोत्यात घालून कालव्यात टाकला. पाण्याची पाळी संपून कालवा कोरडा पडला की मी तिकडून चक्कर मारतो. चिखलात पोतं वर आलं का, बघतो. आजवर आलं न्हाई. तरी बघतो.

आता खरं ते. इथपर्यंत आलो तर सांगतोच.

वैनी घरी आल्यावर महिन्याभरानं मी भेटायला गेलो. घरात मारोती, त्याची आई, शेजारचे दोघं-तिघं. वैनी खाटेवर बसल्या व्हत्या. मला बघताच म्हणल्या, "भाऊजी, तुमालाच विचारायचं व्हतं. मी दिवा बघितला व्हता. डांबरीला लागतानी मीच म्हणलं यांना, लॉक काढा, अन् यांनी काढलं. दिवा बंद व्हता. दिवा बंद असून लॉक लागलेलं राहू शकतंय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मारोतीनं मान वर केली. त्याच्या तोंडावर काय व्हतं ते मी कसं सांगू तुमाला? आस व्हती. एक शब्द पुरे व्हता. राहू शकतंय — एवढंच. तो माणूस त्या जागी सुटला असता.

मी म्हणलो, "वैनी, दिवा बंद म्हंजे लॉक बंद. तसल्या घाईत काय दिसतंय माणसाला? भ्याल्यामुळं तसं वाटलं असंल तुमाला."

मारोतीची मान खाली गेली. म्हातारी म्हणली, नवऱ्याला वाचवायला बोलून राहिली बिचारी. वैनीनी म्हातारीकडं वळून बघितलं न्हाई. माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं न्हाई. आपल्याला बराबर आठवतंय का न्हाई, हे आतल्या आत तपासून बघून राहिल्या व्हत्या त्या. मला अजून त्याच नजरेचं भेव वाटतंय, दुसऱ्या कशाचंच एवढं न्हाई.

पाय गेला तो माझ्या लबाडीनं गेला. पण त्या दिवशी त्या घरात मी जे केलं, ते लबाडी म्हणावं असंही न्हाई. त्याला नाव काय द्यायचं मला ठाऊक न्हाई. बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं मी तिच्याकडून काढून घेतलं. मारोतीनं त्यानंतर गाडी चालवली न्हाई. घरात दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. त्याला वाटतं ही माझी कीव करून खोटं बोलली. तो तिच्यासमोर बसून जेवत न्हाई, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणतो.

मागच्या आठवड्यात गेलो व्हतो. जावंच लागतंय, गेलो न्हाई तर मारोती काहून आला न्हाई विचारतो. वैनी भिंतीला धरून धरून आल्या, च्या ठेवला अन् माझ्यासमोर बसल्या. बाहेर ओट्यावर मारोती लावणीसाठी केळीचे पिल, बुडाचे कोंब, साफ करत बसला व्हता. त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणल्या, "भाऊजी, तुमीच बराबर व्हते. लई विचार केला मी. आता डोळे मिटले की मला दिवा लागलेलाच दिसतोय. यांना मी माफ केलं, पण यांना सांगू कसं?"

मी म्हणलो, सांगा हळूहळू. अन् कप उचलून च्या प्यालो.