मी ‘व्हय’ म्हटलं नाही

दिल्लीतलं सरकार बदललं त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मला राजकारणातलं सगळं कळतं असं वाडीला वाटायचं. मला फारसं काही कळत नव्हतं. पण मत पहिलंच होतं आणि ते माझं होतं, एवढं नक्की होतं.

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवीसमोर नारळ ठेवून बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा ‘व्हय’ म्हटलं की शब्द देवीला दिलेला. तो मोडायची कोणाची छाती नाही.

मतदानाच्या आधीच्या रविवारी वाडीला देवळात बोलावलं. गाऱ्हाणं घालणारे मानकरी म्हणजे आबा. माझे बाबा त्यांच्याच ट्रॉलरवर खलाशी होते. आबांनी उमेदवाराचं नाव घेतलं आणि म्हणाले, “ह्या वाडयेची सगळी मतां एका जाग्यार पडांदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी गप्प राहिले. खोटं वाटेल, पण काही ठरवून गेले नव्हते. महिन्याभरापूर्वीच परीक्षेत गुप्त मतदानावर टीप लिहिली होती आणि तोंड उघडेना. शेजारच्या काकीने कोपराने ढोसलं, “काय गो, घसो बसलो काय तुझो?”

आबांनी मागे वळून पाहिलं. “कॉलेजात गेल्यार व्हय म्हणूक इसारलंस?”

सगळे हसले. “मत माझा आसा, आबा,” मी म्हटलं. “माका कोणी इचारूक नाय.”

आबा माझ्याशी बोललेच नाहीत, बाबांकडे पाहून म्हणाले, “पोर देवीसमोर व्हय म्हणासर तू बोटीर येव नको.”

घरी येताना बाबा पुढे, मी मागे. अंगणात पोचल्यावर ते म्हणाले, “एक शब्द तर आसा गो. म्हण आणि मोकळी हो.”

“एकच आसा म्हणान तर नाय म्हणूचंय.”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “दोघांनी मिळान माका उपाशी मारा!”

बाबा दुसऱ्याच्या बागेत आंबे काढायला जाऊ लागले. समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस कलमाच्या फांदीवर अवघडून बसलेला मी रस्त्यावरून बघायची. वाईट वाटायचं. तरी देवळाकडे पाय वळला नाही. मतदानाच्या दिवशी एकटी गेले, बटण दाबलं आणि घरी आले.

निकालाला वाडीने दिलेला शब्द खरा झाला. त्यांचा उमेदवार आला, दिल्लीत नवं सरकार आलं, तिठ्यावर फटाके वाजले. आबांनी मला भर बाजारात थांबवलं.

“बघलंस? तुझ्या मताबिगर दिल्ली बदलली!”

“माझ्या मताबिगर? कशावरसून, आबा?”

त्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मी कोणाला मत दिलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कळायला काही मार्गही नव्हता. इतके दिवस ते मला विरोधातलीच धरून चालले होते.

संध्याकाळी बाबा माझ्याशेजारी पायरीवर बसले. बाजारातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“खरा सांग. तेकाच दिलंस काय? तसा आसात तर आबाक सांगतंय. पावसाळो सरल्यार परत बोटीर घेतीत.”

सांगितलं असतं तर कदाचित सगळं सुरळीत झालं असतं. कदाचित नसतंही. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, “नाय सांगूचंय, बाबा.”

त्यांनी पायाला लागलेला आंब्याचा चीक नखाने खरवडला. मग म्हणाले, “बरा. मगे माका कधीच सांगू नको. आबा इचारूक इलो तर माका म्हायतच नाय म्हणान ताठ मानेन सांगूक व्हया.”