रुकय्याबाईंची गुरुवारची शाळा

रुकय्याबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी भाजीच्या दुकानात भेंड्या निवडत होते. प्रसादचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "बाई गेल्या गं. हार्ट." मी नुसतं "हं" म्हटलं आणि भेंड्यांची टोकं मोडत राहिले. कोवळी, जून, सगळी... शेवटी दुकानदार ओरडला, "बहेनजी, सब तोडेगा क्या?" तेव्हा कुठे रडू फुटलं. त्या बिचाऱ्याने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. आता काही आठवडे उलटलेत. थोडं धड बोलता येतंय, म्हणून लिहायला बसले.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. लग्नाआधी मुंबईत अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या इतिहासावर पीएचडी करत होत्या. मग वजीरभाईंशी निकाह, सौदीत राहायच्या परवान्याचा तो इकामा, रियाध, आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. इथल्या भारतीय शाळेत त्या वरच्या वर्गांना इतिहास शिकवायच्या आणि आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायच्या. वजीरभाई चेष्टेने म्हणायचे, "हिचं माहेर रत्नागिरी नाही, अमेरिकेतली शाळा." खरंच होतं ते. चहाला कुणी बसलं की विषय निघायचाच. तिकडे गावोगाव लोकांनी करातून शाळा कशा काढल्या, ज्यांना मूलबाळ नाही त्यांनीही पैसे का द्यायचे, कारण शेजाऱ्याचं पोर शिकलं तर गाव शहाणं होतं... आणि लगेच बोट उगारून, "पण काळ्या पोरांना त्या शाळेचं दार बंद होतं, ते विसरायचं नाय हां!" अमेरिकेची आरती ओवाळणाऱ्यातल्या त्या नव्हेत. चाचण्यांवर चाचण्या घेऊन शाळा सुधारायच्या तिथल्या खटाटोपावर तर मनसोक्त तोंडसुख घ्यायच्या. "बी रुजलं का म्हणून रोज उकरून बघितलं, तर रुजेल का गो?"

मला वाटायचं, काय करायचाय हा इतिहास आपल्याला? वाळवंटात राहून बोस्टनच्या गप्पा! मग आमच्या ओवीचं प्रकरण झालं. ओवी तिसरीत होती. बोलायला चुरुचुरु, गणितं तोंडी पटापट, पण पुस्तक उघडलं की गप्प. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणायची. शाळेने आम्हाला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "टीसी घ्या, इंडियात अशा मुलांसाठी चांगल्या सोयी आहेत." म्हणजे मी आणि ओवीने पुण्याला जायचं, प्रसादने नोकरीसाठी इथेच राहायचं. घर दुभंगणार! मी जिन्यातच रडत बसले होते. बाई दूध घेऊन वर येत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टीसी घ्यायची नाय. खलास. रडतेस काय, डोळे पूस आणि दूध धर."

पालकांनी निवडून दिलेल्या कमिटीची सभा होती. त्यात बाई ओवीच्या बाजूने बोलायला उभ्या राहिल्या, त्याच शाळेच्या पगारी शिक्षिका असून! वजीरभाई आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन कळवळून म्हणाले होते, "वहिनी, तिला समजवा, नोकरी जाईल." मी काय समजवणार, कपाळ! बाईंनी सांगितलं, अमेरिकेत सर्वांसाठी शाळा काढल्यावरही कितीतरी वर्षं अशा मुलांना घरीच बसवलं जायचं. तुमचं मूल इथे बसणार नाही म्हणायचे. मग त्यांचे आईबाप कोर्टात गेले, आणि देशाला कायदा करावा लागला. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "मॅडम, यह रियाध है, अमेरिका नहीं." बाई शांतपणे म्हणाल्या, "इसीलिए बता रही हूँ, सर. उनको कोर्ट जाना पड़ा. हमें तो सिर्फ़ क्लास में एक कुर्सी चाहिए." सभागृहात आधी एक मल्याळी बाप उभा राहिला, मग एक हैदराबादची आई. त्यांच्याही घरात असंच मूल होतं म्हणे, इतके दिवस कुणी बोललं नव्हतं. ओवीला वर्षभराची मुदत आणि तोंडी परीक्षा मिळाली. बाईंची नोकरीही टिकली, बढती मात्र पुन्हा कधी मिळाली नाही.

पण मुदतीने वाचता थोडंच येतं? ते काम झालं बाईंच्या हॉलमध्ये. दर गुरुवारी, शाळा सुटली की इमारतीतली सगळी पोरं तिथे. जुन्या अमेरिकन खेड्यांतल्या एकखोली शाळेसारखी लहानमोठी एकत्र, आणि मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं. कुणी ट्यूशन म्हटलं की बाई भडकायच्या, "ट्यूशन नाय, शाळा आहे ही!" पहिल्याच गुरुवारी ओवीपुढे पहिलीतली एक मुलगी बसवली. ओवी रडकुंडीला आली. "बट आय कान्ट रीड!"

"म्हणून तर तूच. ज्याला सगळं पटकन येतं, त्याला पोर कुठे अडतं ते कळत नाय."

ताटात रवा पसरून दोघी बोटाने अक्षरं गिरवायच्या. मग घावणे खायच्या आणि परत गिरवायच्या. जादूबिदू काही झाली नाही. महिने गेले, माझा धीर सुटला, बाईंचा सुटला नाही. दिवाळीला ओवीने मला शंकरपाळ्यांच्या पाकिटावरचं सगळं वाचून दाखवलं, अगदी बारीक अक्षरांतलं साहित्यसुद्धा. मी ते पाकीट फेकू दिलं नाही.

आता ओवी अकरावीत आहे, त्याच शाळेत. वाचते, पण सावकाश. बाई गेल्यावर शाळेने शोकसभा ठेवली आणि श्रद्धांजली वाचायला ही पठ्ठी स्वतःहून पुढे गेली. मजकूर शाळेनेच लिहिलेला, चांगला जडजंबाल इंग्रजीत. वाचता वाचता ती मध्येच अडली. मला वाटलं, झालं, आता हसतील. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिका कुजबुजून शब्द सांगायला वाकल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतली गुरुवारची एक चिमुरडी ताडकन उठली आणि त्यांना म्हणाली, "नो मॅम! डोन्ट टेल हर. रुकय्या मॅम नेव्हर टेल्स. वुई वेट."

त्या शिक्षिका मागे सरल्या. आम्ही सगळे थांबलो. मुख्याध्यापकसुद्धा. ओवीने कागदावर बोट ठेवलं, शब्द तोडून तोडून जुळवला, आणि मोठ्याने वाचला.