सुजाताबाईंचा मुका कीबोर्ड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या मित्रांबरोबर आयुष्यभर वाद्यं वाजवली, त्यांच्यापैकी एकालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता तर कदाचित आजही गप्प बसलो असतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी सांगलीत वाद्यांच्या दुकानात कामाला होतो, रविवारी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. स्वतःला संगीतकार समजायचो. सुजाताबाई मूळच्या कुंडलच्या, वडूजला शाळेत शिक्षिका. आपल्या बौद्ध वस्तीतल्या बायकांसाठी त्या गाणी लिहायच्या, चाली लावायच्या. मोठी गोड बाई. माझ्यापेक्षा लहान, तरी मी त्यांना बाई म्हणायचो आणि त्या मला दादा.

सांगलीतला एक कॅसेटवाला नव्या गाण्यांच्या शोधात होता. त्यानं एका कार्यक्रमात आम्हा दोघांना ऐकलं आणि माझ्या तोंडावर म्हणाला, "तुमच्या हातात सफाई आहे हो, पण जीव बाईंच्या चालीत आहे." मग त्यानं बाईंना सहा गाणी संगीतासकट बसवून आणायला सांगितलं. मला काहीच सांगितलं नाही.

मी हसलो होतो. 

पुढच्याच शनिवारी बाई दुकानात आल्या. मालक मिरजेला गेले होते. बाईंना कीबोर्ड हवा होता. त्यांना चाली एसटीत सुचायच्या आणि घरी पोचेपर्यंत निसटून जायच्या. मांडीवर मावेल, घरी मांडून बसता येईल, असा एकच हवा होता. आमच्याकडे दोन होते. एक लहानसा, त्याचा स्पीकर आतच, सेलवर चालणारा. बाईंना हवा तो हाच — हे मला त्या बोलत असतानाच कळलं होतं. दुसरा काळा, सुंदर, बोटाच्या दाबाप्रमाणे सूर लहानमोठा करणारा. पण त्याला स्वतःचा आवाज नव्हता. त्याला नुसत्या पट्ट्या. आवाज यायचा तो काउंटरखाली ठेवलेल्या वेगळ्या पेटीतून, वायरीनं. ती पेटी बाईंना दिसत नव्हती.

बाईंनी काळ्यावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"आवं दादा, ह्यो घरी बी आन् एस्टीत बी चालंल न्हवं?"

"चालेल की," मी म्हणालो.

दोन शब्द. जीभ अडखळली? छे. वायर काढली, कीबोर्ड खोक्यात भरला, दोरी बांधली. पेटी काउंटरखालीच राहिली.

आठवड्यानं त्यांचं पत्र आलं. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना ऐकायला बोलावलं होतं, दिवा लागतो पण आवाज येत नाही, दुकानात घेऊन येऊ का? दुकानात मालक होते; पेटी दिलीच नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं असतं. म्हणून मीच वडूजला गेलो. हे दिसतंय ना तुम्हाला? पहिल्या वेळी जळफळाट होता म्हणावं, पण एसटीत तीन तास बसून मी विचार करून गेलो.

बाईंनी कीबोर्ड धुतलेल्या साडीत गुंडाळून ठेवला होता. मी उगाच चार पट्ट्या दाबल्या. "आतलं काहीतरी गेलंय. ओल्या हातानं वाजवलात का?"

त्यांनी आपले हात पाहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले.

"हात पुसूनच बसले हुते, दादा." मग पदराला पुन्हा हात पुसत, "पर असंल. माझंच चुकलं असंल."

"आता दुरुस्त व्हायचा नाही," मी म्हणालो. चहा घेतला. त्यांनी बशीत बिस्किटं दिली, तीही खाल्ली.

ओले हात — हेच शब्द माझ्या तोंडी का आले? आमच्या आळीतली एखादी बाई असती, तर तिला असं विचारलं असतं का मी? नसतं. त्या हातांबद्दल माझ्या घरात काय काय बोललं जायचं, ते सगळं माझ्याच आत होतं. आणि मी स्वतःला कलावंत म्हणवून घेत होतो. शी!

बाईंनी कॅसेटवाल्याला कळवलं, मला जमणार नाही. काम माझ्याकडे आलं. गाणी मी बसवली, बेतास बात. कॅसेटच्या कव्हरवर माझं नाव छापलं. बाईंनी त्यानंतर नवीन चाल लावली नाही, असं त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकांकडून कळलं. आपल्याला यंत्रातलं काही कळत नाही, हातच वाईट, असं म्हणायच्या म्हणे.

कॅसेट निघाली तेव्हा त्यांनी ती विकत घेऊन ऐकली आणि मला पोस्टकार्ड पाठवलं. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, सरळ. लिहिलं होतं, दादा, लय गोड वाजवलंय तुमी.

मी उत्तर लिहिलं. त्यांचे आभार मानले.