गालाशी राहिलेली फट

राजुऱ्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात मी नर्स आहे. अधूनमधून तिथली मोठी भट्टी थंड करतात आणि आतल्या झिजलेल्या विटा फोडून नव्या लावतात. तेव्हा उडणारी धूळ हाताला पिठासारखी मऊ लागते, पण फुप्फुसात बसली की निघत नाही. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसतो का, हे मी आधी तपासते.

मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर खांद्यापर्यंत येणारी पारदर्शक टोपी चढवायची आणि तिच्या भोकातून कडू औषधाचा फवारा मारायचा. कुठे फट असेल तर त्याचं तोंड कडू होतं. ते त्याने सांगायचं. सगळं त्याच्या सांगण्यावर आहे, आणि माझा जीव टांगणीला लागतो तो तिथेच. कडू लागलं म्हणणाऱ्याला आत पाठवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मागच्या कामाच्या वेळी जिवतीच्या डोंगरातून एक गडी आला. पन्नाशीकडे झुकलेला, शांत. डाव्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत जुन्या जखमेची खोल खाच होती.

"हे कशानं, भाऊ?"

"अस्वल. मोहाखाली फुलं येचत होतो. लय जुनं हाय."

आधी मास्क न लावता फवारा दिला, तेव्हा त्याने लगेच तोंड वाकडं केलं. म्हणजे जिभेला चव नीट कळत होती. मग मास्क लावून टोपी चढवली, मान हलवायला लावली, गावाबद्दल बोलायला सांगितलं. तो कापसाचं सांगू लागला आणि मध्येच थांबला. आवंढा गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"कडू लागलं का?"

"नाई, सिस्टर. घसा सुकला."

बाहेर ठेकेदाराचा सुपरवायझर घाई करत होता. मी दार लावून घेतलं आणि टोपी काढली.

"भाऊ, खरं सांगा."

त्याने मास्क उतरवून हातात घेतला. "लागलं," म्हणाला. "पण मले बाहेर नोका काढू. गावची माणसं मीच घेऊन आलो. त्यायच्या घरच्यायले सांगून आलो का मी सोबत राहीन. त्यायले आत धाडून मी बाहेर कसा बसू?"

याआधीच्या खेपेलाही तो आत होता, असं त्याने सांगितलं. तेव्हा ही तपासणी सुरू झालेली नव्हती, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.  लहान मास्क लावला, दुसऱ्या बनावटीचा लावला. प्रत्येक वेळी हवा त्या खाचेतूनच शिरत होती. सुपरवायझर आत डोकावला आणि म्हणाला, "वरून चिकटपट्टी मारून द्या ना, चालते." मी नाही म्हणाले. गालाला चिकटावं लागत नाही अशी एक टोपी असते. कमरेला छोटा पंखा, तो गाळलेली हवा टोपीत सोडतो. स्टोअरमध्ये एक होती, पण बॅटरी मेलेली. नवी नागपूरहून यायची होती. तोवर त्याने भट्टीच्या तोंडाशी बाहेर उभं राहून लक्ष ठेवावं, असं ठरलं. त्याने मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मला दवाखान्यात बसवेना. भट्टीपाशी गेले तर तोंडाशी दुसराच माणूस उभा.

"भाऊ कुठे आहेत?"

"आत गेले. लटकलेली ईट दाखवाले."

आतून विटा फोडल्याचा आवाज येत होता, धुळीत टॉर्चचे उजेड हलत होते. मी त्या माणसाला भाऊंना हाक मारायला लावलं. तो बाहेर येईपर्यंत मी तिथेच उभी होते. मनात त्याचे श्वास मोजत होते. तो वाकून बाहेर आला. मास्कवरून गमछा घट्ट बांधलेला. मी मास्क मागितला आणि उलटा करून त्याच्यापुढे धरला. आतल्या पांढऱ्या कापडावर गालाच्या बाजूने करडी रेघ उतरली होती, थेट नाकापर्यंत.

त्याने रेघेवर बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं.

"एवढ्याशा टायमात?"

"हो."

"मंग त्या साली..." म्हणत तो जवळच्या पायरीवर बसला.

त्यानंतर तो त्या मास्कवर आत गेला नाही. तोंडाशी उभा राहून एकेकाला नाव घेऊन हाका मारायचा, कोणती वीट आधी काढायची ते सांगायचा. जेवायला बाहेर आलेल्या प्रत्येकाचा मास्क उलटा करून पाहायचा. त्याची माणसं बिनतक्रार काम करत राहिली. बॅटरी आली तोवर निम्मं काम झालं होतं. उरलेल्या कामाला तो पंख्याची टोपी घालून आत गेला.

मी त्याच्या छातीचा फोटो काढून घेतला. डॉक्टरांना उजव्या बाजूला डाग दिसले. पावसाळ्यानंतर परत आणा, म्हणाले. मी दोनदा फोन केला, डोंगरात लागला नाही. मग एक दिवस तो स्वतःच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसलेला दिसला. नवा फोटो जुन्याशेजारी धरून डॉक्टरांनी बराच वेळ पाहिला.

"वाढलेलं नाही. पण आता धूळ बंद."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "टोपी असली तरी?"

डॉक्टर म्हणाले, "टोपी असली तरी."

तो निघून गेला. पुढच्या कामासाठी माणसांची जमवाजमव आता सुरू झाली आहे. त्याच्या गावचीही माणसं येणार आहेत, असं सुपरवायझर सांगत होता. सोबत कोण येतंय, हे विचारायचं मी अजून टाळते आहे.